सर्व्हर स्लो आहे? किती सेकंद, आणि कुठे?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय संगणकाचा वाटेल, पण आहे आपल्या रोजच्या रांगेचा.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवीन उत्तर चांगलंच रुळलंय. पूर्वी ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असायचं, नाहीतर ‘फाईल वर गेलीय’ असायचं. आता एकच वाक्य पुरतं: ‘सर्व्हर स्लो आहे.’ रेशन दुकानात मशीनवर अंगठा लागत नाही, सर्व्हर. सातबारा निघत नाही, सर्व्हर. दस्त नोंदणीला सकाळी दहाला गेलेला माणूस दुपारी चारला तसाच परत येतो, सर्व्हर. पतसंस्थेत स्वतःचेच पाच हजार काढायला म्हातारी अर्धा तास बाकावर बसून राहते, सर्व्हर.

या उत्तराची खुबी अशी की पुढे कोणी काही विचारतच नाही. साहेब मीटिंगला गेले असतील तर ‘कधी येणार?’ एवढं तरी विचारता यायचं. सर्व्हरला काय विचारणार? पावसानं ओढ दिली की आभाळाकडे बघून घरी जायचं, तसं आपण काउंटरकडे बघून घरी येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सर्व्हर म्हणजे पाऊस नव्हे. ते माणसानं बसवलेलं यंत्र आहे. ते कुठे अडतंय हे शोधता येतं, आणि बहुतेक वेळा त्याला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. शोधायचं ठरवलं तर.

सर्व्हर आणि नेटवर्कची देखभाल हाच माझा धंदा आहे, म्हणून हे अधिकाराने लिहितोय. मध्यंतरी आपल्याच बार्शी भागातल्या एका पतसंस्थेचं काम आलं होतं. नाव सांगणार नाही, नावाची गरजही नाही. जे तिथं चाललं होतं ते अजून पन्नास ठिकाणी चालू असेल.

संस्थेच्या सहा शाखा. हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं, काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांचं. सर्व्हर भाड्याचा, मुंबईत ठेवलेला. प्रत्येक शाखेतला कर्मचारी पुट्टी नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडतो, नाव टाकतो, पासवर्ड टाकतो आणि दूरच्या सर्व्हरवर काम सुरू करतो. मधल्या रस्त्यावर कोणी पासवर्ड चोरू नये म्हणून हे सगळं एसएसएच नावाच्या पद्धतीनं कुलूपबंद होऊन जातं. ही पद्धत १९९५ साली फिनलंडमधल्या टाटू यलोनेन या संशोधकानं बनवली. त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून वाचत होतं, त्यावर त्यानं काढलेला हा उपाय. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर लांबून याच दारानं उघडले जातात.

तर तक्रार अशी की हे दार उघडायला फार वेळ लागतो. नाव टाकलं की खिडकी गप्प. माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. मग कधीतरी पासवर्ड विचारला जातो. आत गेल्यावर मात्र काम झटपट. पाच मिनिटं बटणाला हात लागला नाही की सुरक्षेसाठी आपोआप बाहेर, आणि पुन्हा तेच गप्प बसणं.

संचालक मंडळापुढे पुरवठादाराचं कोटेशन तयार होतं. नवा मोठा सर्व्हर, जास्त रॅम, शाखांना वाढीव लाइन. एकूण चार लाख वीस हजार रुपये. ठराव पुढच्याच बैठकीत येणार होता. त्याआधी ‘एकदा बघून तर घ्या’ म्हणून मला बोलावलं.

मी पहिल्यांदा घड्याळ लावलं. हे वाचून हसू येईल, पण तोवर कोणीही सेकंद मोजलेच नव्हते. ‘लय वेळ लागतो’, ‘कधी कधी तर मिनिटभर’, ‘सकाळी जास्त’, असं सगळे सांगत होते. मी सकाळी दहाला मोजलं, दुपारी दोनला मोजलं, संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर मोजलं. मुख्य शाखेतून मोजलं, वैरागहून मोजलं. दर वेळी २० सेकंद. एकोणीस नाही, बावीस नाही. वीस म्हणजे वीस.

इथंच निम्मं निदान झालं. कसं ते सांगतो, कारण सगळ्या पोस्टचा जीव यातच आहे.

यंत्रावर कामाचा खरा ताण असेल तर वेळ कमीजास्त होतो. गर्दीत जास्त लागतो, निवांत असताना कमी लागतो. एसटी स्टँडच्या कॅन्टीनचं बघा. सकाळी चहाला दहा मिनिटं लागतात, दुपारी दोन. पण गर्दी असो नसो, चहाला नेमकी वीसच मिनिटं लागत असतील तर समजायचं की स्टोव्हचा दोष नाही. आत कोणीतरी कोणाची तरी वाट बघत बसलंय. काम चाललेलंच नाही, नुसती वाट बघणं चाललंय.

सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर प्रोसेसर नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ रिकामा. मेमरी निम्मी मोकळी. त्याला चार लाखांचा मोठा भाऊ आणला असता तर तोही तसाच रिकामा बसून वीस सेकंद वाट बघत राहिला असता.

मग वाट कोणाची? त्याचं उत्तर साध्या भाषेत असं. तुम्ही सर्व्हरच्या दाराशी आलात की त्याला तुमचा आकडी पत्ता दिसतो, १९२.१६८ वगैरे. काही सर्व्हरना सवय असते की या आकड्यामागचं नाव काय, हे आधी विचारून घ्यायचं. हे नाव सांगण्याचं काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. कल्पना करा, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पाहुणा आला की एका ठरलेल्या नंबरवर फोन लावतो आणि विचारतो, ‘हा कोण?’ त्या नंबरवर आता कोणी राहत नाही. वॉचमन पाच सेकंद रिंग ऐकतो, ठेवतो. दुसरा नंबर लावतो, तिथंही पाच सेकंद. मग पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. चार वेळा पाच, झाले वीस. आणि वीस सेकंद झाल्यावर काय करतो? पाहुण्याला आत सोडतो! नाव कळलं नाही तरी अडत काहीच नव्हतं.

लिनक्समध्ये हा हिशेब असाच लिहिलेला आहे. वेगळं काही ठरवलं नसेल तर डीएनएसच्या प्रत्येक विचारणीला पाच सेकंद वाट बघायची, आणि एकूण दोन फेऱ्या करायच्या. दोन डीएनएस सर्व्हर नोंदवलेले असतील आणि दोन्ही गप्प असतील तर वीस सेकंद. एकच नोंदवलेला असेल तर दहा.

या संस्थेनं आदल्या दिवाळीत सर्व्हर एका कंपनीकडून दुसरीकडे हलवला होता. सगळं हललं, पण डीएनएसचे दोन पत्ते जुन्या कंपनीचेच राहिले. अशा कंपन्या साधारण आपल्या गिऱ्हाइकांनाच उत्तर देतात. गिऱ्हाईक गेलं, उत्तर बंद. ‘माहीत नाही’ असंही नाही, चक्क गप्प. ‘असं नाव माझ्याकडे नाही’ एवढं उत्तर आलं असतं तरी सर्व्हर क्षणात पुढे सरकला असता. नकारानं काम अडत नाही, मौनानं अडतं. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती काय केली? जुने दोन पत्ते काढून चालू असलेले दोन घातले. नाव विचारण्याची ती सवयही बंद केली, कारण इथं तिचा उपयोग नव्हता. एसएसएचची जी आवृत्ती सगळीकडे वापरली जाते, त्या ओपनएसएसएचनं स्वतःच मार्च २०१५ मधल्या ६.८ या आवृत्तीपासून ती मुळातून बंद ठेवली आहे. जुन्या सर्व्हरवर मात्र ती अजून चालू सापडते. बदल करताना मूळ फाईलची प्रत ठेवली, फाईल बरोबर लिहिली गेलीय का ते तपासण्याची कमांड चालवली, आणि एक खिडकी आतून उघडी ठेवली. म्हणजे काही बिघडलंच तर आपणच बाहेर अडकून पडायला नको.

२० सेकंदांचा एक सेकंदही राहिला नाही. माझी फी दीड हजार रुपये. चार लाख वीस हजारांचं कोटेशन अजून कपाटात आहे.

आता कोणी म्हणेल, वीस सेकंदांचं एवढं काय घेऊन बसलात? दोन गोष्टी सांगतो.

पहिली, साधा हिशेब. बारा कर्मचारी, नियमानं वागले तर प्रत्येकाला दिवसातून पंधरा वेळा तरी आत जावं लागतं. बारा गुणिले पंधरा गुणिले वीस, म्हणजे ३६०० सेकंद. रोजचा एक अख्खा तास. आणि प्रत्येक सेकंदाला काउंटरच्या अलीकडे कोणीतरी उभं असतं. दुधाचे पैसे काढायला आलेला, शाळेची फी भरायला आलेली, रोजंदारी सोडून आलेला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दार उघडायला वेळ लागला की माणसं दार उघडंच ठेवतात. तसंच झालं होतं. एका शाखेत सकाळी कॅशियर ताई आपल्या नावानं आत जायच्या, आणि दिवसभर त्याच खिडकीत सगळे काम करायचे. बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून येता-जाता कोणीतरी बटण दाबत राहायचं. कोणाचा वाईट हेतू नव्हता. समोर रांग, मागे मॅनेजर, आणि दर वेळी वीस सेकंद. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

मग एक दिवस अठरा हजारांची नोंद चुकीच्या खात्यावर पडली. रेकॉर्ड बघितलं तर नाव कॅशियर ताईंचं. त्या त्या वेळी भरणा करायला बँकेत गेलेल्या होत्या. नोटीस त्यांनाच निघाली, ‘खुलासा सादर करावा.’ एक संचालक म्हणाले, संगणक खोटं बोलत नाही. बरोबर आहे, संगणक खोटं बोललाच नव्हता. त्यानं एवढंच सांगितलं की त्या नावानं दार उघडलं होतं. बटणावर बोट कोणाचं होतं, हे त्याला कुठून कळणार?

पैसे दोन दिवसांत योग्य खात्यावर फिरवले गेले. नोटीस मात्र ताईंच्या फाईलला अजून लागलेली आहे. ती मागे घ्यावी, असं कारणासकट मी संचालक मंडळाला लेखी दिलंय. तांत्रिक अहवालातच तो मुद्दा घातलाय, कारण माझ्या मते तो तांत्रिक मुद्दाच आहे. ज्या यंत्रणेत नियम पाळणाऱ्याला रोज शिक्षा होते, तिथं नियम मोडले जाणारच. आणि मोडले गेले की सापडतो सगळ्यात खालचा माणूस.

यावर एकानं सुचवलं होतं की एसएसएच काढा आणि जुनं टेलनेट लावा, ते पटकन उघडतं. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. कुलूप कडक आहे म्हणून कुलूपच काढून टाकायचं, असा हा सल्ला. दिरंगाईचं कारण शोधलं नाही की लोक पहिला हात सुरक्षेला घालतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

जे मित्र या क्षेत्रात आहेत, किंवा ज्यांच्या संस्थेत असंच दुखणं आहे, त्यांच्यासाठी थोडं नेमकं लिहितो. लांबून लॉगिन करताना खिडकी कुठे थांबते ते नुसत्या डोळ्यांनी बघा. चार जागा आहेत.

१) काहीच दिसायच्या आधी थांबते. म्हणजे दारापर्यंतच पोचलो नाही. रस्ता, फायरवॉल, किंवा नव्या पद्धतीचा आयपीव्ही ६ पत्ता आधी करून बघणं आणि तो रस्ता बंद असणं. इथं वेळ १, ३, ७, १५ सेकंद अशा पायऱ्यांनी वाढलेला दिसला तर समजा की हाक दारापर्यंत जात नाहीये. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या पहिल्या हाकेनंतर एक सेकंद थांबून दुसरी हाक देतात, मग दोन, मग चार, मग आठ सेकंद थांबतात.

२) नाव टाकल्यावर, पासवर्ड विचारायच्या आधी थांबते. इथं दोन नेहमीचे संशयित. एक, वर सांगितलेली डीएनएसची विचारणा. दुसरा, जीएसएसएपीआय नावाची ओळख पटवण्याची पद्धत. मोठ्या कंपन्यांत ती कामाची असते, आपल्याकडे बहुधा कोणी वापरत नाही, पण चालू राहिलेली असते.

३) पासवर्ड दिल्यावर, आत जायच्या आधी थांबते. आत शिरताना होणाऱ्या कामांपैकी काहीतरी अडतंय. वापरणाऱ्यांची यादी दुसऱ्या सर्व्हरवर असेल आणि तो गप्प असेल. कर्मचाऱ्याचं फोल्डर नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल आणि ती हरवली असेल. वेळ नेमका २५ सेकंद असेल तर सिस्टमडी-लॉगिनडी या सेवेकडे बघा. सर्व्हर चालू असताना अपडेट केला आणि डी-बस मध्येच पुन्हा सुरू झाली की हे हमखास होतं. चुकलेल्या लॉगिनची नोंद ठेवणारी बीटीएमपी ही फाईल कितीची झालीय तेही बघा. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर चोरटे प्रोग्रॅम रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघत असतात. त्यांची नोंद होत होत फाईल फुगते, आणि काही सर्व्हर प्रत्येक लॉगिनला ती सगळी वाचत बसतात.

४) आत गेल्यावर अक्षरं उशिरा उमटतात. आता खरंच लाइन खराब आहे किंवा सर्व्हरवर ताण आहे. कोटेशनचा विचार करायची जागा ही, आणि तीसुद्धा मोजून झाल्यावर.

एसएसएचची कमांड देताना तीन वेळा ‘व्ही’ लिहिलं तर प्रत्येक पायरी स्क्रीनवर लिहून येते. जिथं ओळ थांबते तिथं बोट ठेवायचं. सर्व्हरवर बसून स्वतःच्याच सर्व्हरवर लॉगिन करून बघा, ते लगेच झालं तर दोष बाहेरच्या बाजूला शोधा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पाचही करत बसावं लागतं.

आता जरा मोठ्या वर्तुळाकडे येऊ.

ही एक पतसंस्था होती. बारा माणसं, सहा शाखा. पण तेच वाक्य आपण सरकारी सेवेच्या प्रत्येक काउंटरवर ऐकतो आणि तसंच ऐकून घेतो. तिथलं कारण डीएनएसच असेल, असा माझा अजिबात दावा नाही. काही दिवस खरंच ताणाचे असतात. एक एप्रिलला रेडीरेकनरचे दर बदलतात म्हणून मार्चअखेर दस्त नोंदणीला झुंबड उडते. पीकविम्याची मुदत संपायच्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच संकेतस्थळावर असतो. त्या दिवशी वेळ लागला तर मी समजून घेईन. तरी एक विचारीनच. मार्च काही यंदाच आला नाही. गर्दी कधी होणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं.

माझा आक्षेप बाकीच्या दिवसांना आहे. ज्या साध्या मंगळवारी दुपारी ‘सर्व्हर स्लो’ असतो, त्या दिवशी नेमकं काय अडलं होतं, याची नोंद कुठे असते? काउंटरवरच्या माणसाला माहीत नसतं, त्याचा दोषही नाही. त्याच्यासमोरही तीच गप्प खिडकी असते, वर लोकांच्या शिव्या त्यालाच. तालुक्याचा तांत्रिक माणूस एकटा दहा ठिकाणं सांभाळतो. आणि पुरवठादाराला कारण शोधण्यात रस कशाला असेल? एका ओळीच्या दुरुस्तीचं बिल होत नाही, नव्या सर्व्हरचं होतं. म्हणून मोजमाप होत नाही, आणि मोजमाप नाही म्हणून प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, नवी खरेदी. खरेदीचे पैसे तुमचे-आमचे.

आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्यात आपला हक्क आहे. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण ‘कारण नसताना’ या दोन शब्दांत सर्व्हर सहज लपतो. सर्व्हर बंद होता म्हटलं की कारण झालं. बंद होता की स्लो, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, अडलं कुठे, हे लिहिलेलं नसेल तर ते कारण मानायचं का? माझ्या मते मानू नये. डॉक्टरनं मृत्यूच्या दाखल्यावर ‘आजारी होता’ एवढंच लिहिलं तर चालेल का?

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. यातल्या एकीलाही मोठा खर्च नाही.

एक, प्रत्येक काउंटरवर एक वही. सर्व्हर अडला की तारीख, कधीपासून कधीपर्यंत, आणि खिडकी कुठे थांबली. वर सांगितलेल्या चारपैकी कुठली जागा, एवढा आकडा लिहिला तरी पुरे. महिन्याच्या शेवटी ती वही बघितली की दुखणं स्वतःच बोलायला लागतं.

दोन, नव्या सर्व्हरच्या किंवा नव्या लाइनच्या कोणत्याही ठरावाला मोजमापाचं पान जोडलेलं असावं. जुन्यावर ताण किती होता, वेळ कोणत्या पायरीला जात होता, नव्यानं तो किती कमी होणार. हे पान नसेल तर ठराव पुढे ढकलावा. पतसंस्था, बाजार समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांना हे लागू. पतसंस्थेच्या सभासदांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत हे एकदा विचारून बघावं. चहा-नाश्त्यानंतर ‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी.

तीन, एका माणसाचं लॉगिन दुसऱ्यानं वापरणं बंद झालं पाहिजे. पण त्याआधी ते वापरायला भाग पाडणारी दिरंगाई बंद झाली पाहिजे. हा क्रम उलटा केला तर फक्त नोटिसा निघतील.

आणि आपण काय करायचं? प्रश्न बदलायचा. ‘कधी सुरू होईल?’ याला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी शांतपणे विचारा, ‘कधीपासून बंद आहे? नोंद केलीय का? मला तसं लिहून द्याल का?’ आवाज चढवायची गरज नाही. सरकारी कचेरी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. गेल्या सहा महिन्यांत यंत्रणा किती वेळा आणि किती वेळ बंद होती, पुरवठादाराच्या करारात किती वेळ बंद राहिलेलं चालतं, आणि त्याहून जास्त बंद राहिल्याबद्दल दंड वसूल केला का. तीनच प्रश्न. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तीही माहितीच आहे. म्हणजे कोणी मोजतच नाही, हे लेखी मिळालं.

काहीजण म्हणतील, एवढ्यानं काय होणार? त्या पतसंस्थेत मी कोणतीही जादू केली नाही. घड्याळ लावलं, खिडकी कुठे थांबते ते बघितलं आणि दोन ओळी बदलल्या. हे आधीच्या कुठल्याही दिवशी कोणालाही करता आलं असतं. पण ‘सर्व्हर स्लो आहे’ हे सगळ्यांना पटलेलं असल्यामुळे कोणी केलं नाही.

पुढच्या वेळी रांगेत उभे असाल आणि ते वाक्य कानावर आलं, तर मोबाईलमधलं घड्याळ सुरू करा आणि सेकंद मोजा. मला कळवा. कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव नको. तारीख, वेळ, सेवा कुठली आणि किती मिनिटं थांबलात, एवढंच लिहा. पन्नास जणांनी लिहिलं तर मी ते एका कागदावर मांडून तहसीलला रीतसर निवेदन देईन, पोचपावती इथंच टाकेन.